थायरॉइड निघाला, आता घरात प्रत्येकजण वेगळंच पथ्य सांगतोय

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी, मी इथे वाचत असते फक्त, लिहायची ही पहिलीच वेळ. वय ३४, दोन मुलं, म्हापशाला ऑफिसात आहे. बरेच महिने केस गळत होते, अंग जड जड, दुपारी जेवून टेबलावर बसलं की डोळे मिटायचे, पाळी पण मागेपुढे आणि आली की जास्तच. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर टीएसएच (थायरॉइड मंदावला की हे वाढतं) ९.८, फ्री टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) अगदी खालच्या काठावर आणि अँटी टीपीओ म्हणून असतं ते पॉझिटिव्ह. हाशिमोटो म्हणाले, म्हणजे शरीरच आपल्या थायरॉइडवर उलटतं तो ऑटोइम्यून आजार. थायरोनॉर्म ५० (थायरॉक्सिनची गोळी) रोज सकाळी उपाशीपोटी आणि दोन महिन्यांनी परत टेस्ट. आहाराचं विचारलं तर "सगळं खा" एवढं बोलून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता "सगळं खा" हे आमच्या घरात कुणाला पटेल तर ना. सासूबाईंनी कोबी, फ्लॉवर, मुळा बंद केलाय, पावसात किल्ल (बांबूचे कोंब) येतील तेही म्हणे मला द्यायचे नाहीत. धाकटी जाऊ म्हणते वहिनी ते पाकिटातलं मीठ सोडा, त्यातल्या केमिकलनेच घरोघरी थायरॉइड झालाय, आपलं गांवठी मीठ समुद्राचं, त्यात आयोडीन नैसर्गिकच असतं. तिनं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पिशवी भरून आणलंय आणि आता सगळ्या घराचं जेवण त्यातच होतं. ती स्वतः चार महिन्यांची गरोदर आहे म्हणून तिला सगळंच नैसर्गिक हवं असतं, मी काही बोलत नाही. दिरांनी यूट्यूबवर बघितलं की गहू बंद केला की थायरॉइड जातो, म्हणजे पोळी बंद, पाव बंद, पोई (आपला कोंड्याचा पाव) पण बंद. ऑफिसातली मैत्रीण म्हणते सकाळी धण्याचं पाणी नि एक चमचा खोबरेल. आणि नुस्त्याचं (मासळीचं) तर विचारूच नका, एकजण म्हणतो आयोडीन असतं म्हणून भरपूर खा, दुसरा म्हणतो तुझं ऑटोइम्यून आहे म्हणून बंद कर. त्यात श्रावण येतोय, आमच्याकडे चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत शिवराकच (शाकाहारीच) असतं.

वजन सहा किलो वाढलंय ते वेगळंच. ज्यांना खरंच हे आहे त्यांनी प्लीज सांगा, काय बंद करायचं आणि काय नाही?

फोंड्याची_काकू

बाय, आधी घाबरू नको. तुझा मोठा मुलगा जन्माला यायच्या आधीपासून मी ही गोळी घेत असेन, आणि मी कोबी खाते, पोई खाते, बांगड्याचं हुमण तर आठवड्यातून कितीदा ते विचारू नको.

पण एक सांगते, तू काय खातेस यापेक्षा गोळी कधी आणि कशाबरोबर घेतेस ते बघ आधी. हे कोणी नीट सांगतच नाही. माझ्या नणंदेचं सांगते. तिचं टीएसएच काही केल्या खाली येईना, ७५ वरून १००, १०० वरून १२५ झालं, ती रडकुंडीला आली की माझा आजारच वेगळा आहे. बाटली तिची गॅसच्या बाजूच्या खिडकीत, मसाल्याच्या डब्यांच्या रांगेत. सकाळी उठून चहाचं आधण ठेवायचं, ते उकळेपर्यंत गोळी तोंडात, आणि चहा झाला की लगेच दुधाचा चहा नि दोन बिस्किटं, नाश्त्यानंतर हाडांसाठी कॅल्शियमची गोळी. बांबोळीला एका डॉक्टरणीनं तिला बाकी काही विचारलंच नाही, फक्त म्हणाली तुम्ही चहा किती वाजता पिता ते सांगा. चहा तासाभराने पुढे ढकलला, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर नेलं, आणि मग डोस उलट कमी करावा लागला हो, कारण आता गोळी खरोखर अंगात जायला लागली!

तर साध्या पाण्याबरोबर घे, त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तास काही नको. कॉफी तर अजिबात नको लगेच. कॅल्शियम, लोहाची गोळी, अ‍ॅसिडिटीचं ते पांढरं औषध, यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेव. पित्ताच्या गोळ्या रोज घेत असशील तर तेही डॉक्टरांना सांग, पोटातलं आम्ल कमी झालं तरी ही गोळी अंगात कमी जाते. सकाळी मुलांच्या डब्याच्या गडबडीत जमतच नसेल तर काहीजणी रात्री झोपताना घेतात, जेवून तीनेक तास झाल्यावर, ते पण चालतं, पण डॉक्टरांना विचारून एक काय ती वेळ ठरव आणि मग तीच पाळ.

आणि बाटली स्वयंपाकघरात ठेवू नको. आपल्याकडे पावसात चपलांना बुरशी येते, ही गोळी तर दमटपणा, उष्णता, उजेड तिन्हीला नाजूक. बेडरूमच्या कपाटात ठेव, झाकण घट्ट. आठवड्याची डबी भरून ठेवायची सवय असेल तर पावसाळ्यात तरी नको.

धण्याचं पाणी प्यायचं तर पी, त्यानं काही बिघडत नाही आणि काही सुधरत पण नाही. फक्त गोळीबरोबर नको.

मिठागरवाला_पेडणे

मिठाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरचं मिठागर होतं, आता अर्धं पडीक आहे. पाऊस गेला की बांध घालायचे, मानस (बांधातलं पाण्याचं दार) उघडून भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात आटवत न्यायचं, पायांनी तळ तुडवून घट्ट करायचा आणि मग उन्हाळ्यात मीठ धरायचं, पहिला पाऊस पडला की खलास. त्यात कोणी काही मिसळत नाही. आणि लोक आता पाकिटातलं पांढरंशुभ्र खाऊन आमचं मीठ माडांच्या मुळात घालतात.

आमची आजी नव्वदीपर्यंत जगली, आयुष्यभर हेच मीठ खाल्लं, तिला कुठला थायरॉइड? तेव्हा थायरॉइड हा शब्दच कुणी ऐकला नव्हता. आता पाकीट आलं आणि घरात एकीला तरी आहेच. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं की नाही? मग त्याच पाण्याच्या मिठात कुठे जातं ते कोणीतरी सांगा.

लॅबमधला

मी सांगतो, राग मानू नका भाऊ. मी लॅबमध्ये काम करतो, टीएसएच रोज लावतो, डॉक्टर नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात मीठ असतं साधारण ३५ ग्रॅम आणि आयोडीन असतं ५०-६० मायक्रोग्रॅम. समजा ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं तरी एका ग्रॅमला दोन मायक्रोग्रॅम पण पडत नाही, आणि तेवढं उतरतही नाही, कारण मिठाचा खडा धरतो तेव्हा आयोडीन बहुतेक त्या उरलेल्या कडू पाण्यात राहतं, थोडं हवेत जातं. मोठ्या माणसाला रोज लागतं १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५०. पाकिटातल्या आयोडीनवाल्या मिठात तुमच्या हातात पडेपर्यंत निदान १५ पीपीएम असावं असा नियम, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅम मीठ खाल्लं तर पाकिटातून ७५ तरी मिळतं, गांवठीतून दहासुद्धा नाही. बाकीचं मासळी, दूध, अंडी यातून येतं. तेव्हा समुद्राचं म्हणजे आयोडीनचं हा हिशोब मिठाला लागू नाही, समुद्रातल्या माशाला लागू आहे. मासा ते गोळा करून अंगात साठवतो, मीठ नाही.

तुमच्या आजीनं रोज नुस्तं खाल्लं असणार म्हणून तिला कमी पडलं नाही. आणि तिचं टीएसएच कोणी कधी केलंच नाही हेही आहेच की! सुस्तावलेली, थंडी वाजणारी, आवाज घोगरा झालेली म्हातारी माणसं घराघरात होती, त्याला वय झालं म्हणायचे.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची पण सांगतो, कारण ती खरी आहे. आयोडीन कमी असलेल्या भागात ते वाढवलं की हाशिमोटोसारखे ऑटोइम्यून प्रकार थोडे वाढलेले दिसतात, डेन्मार्कमध्ये २००० साली मिठात आयोडीन सक्तीचं केलं त्यानंतर हायपोथायरॉइडचं (थायरॉइड मंद पडण्याचं) प्रमाण वाढलेलं त्यांच्याच लोकांनी मोजलंय. पण म्हणून त्यांनी ते बंद नाही केलं. कारण दुसऱ्या बाजूला काय असतं ते बघा. आपल्याकडे १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या टीमनं काही भागांत आयोडीनवालं मीठ दिलं, एका भागात साधं, आणि जिथे आयोडीन गेलं तिथे पोरांची गलगंडं कमी होत गेली. त्यातूनच १९६२ ला गलगंडाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. आणि गलगंड हे वरून दिसणारं झालं. पोटातल्या बाळाच्या मेंदूला पहिले काही महिने आईच्या थायरॉइडवरच चालावं लागतं, तिथे आयोडीन कमी पडलं तर ते नुकसान नंतर कशानंच भरून येत नाही.

म्हणून डिचोलीकरीण ताई, तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी तुमची वाटली नाही. तुम्ही थायरॉक्सिनची गोळी घेताय, त्या गोळीतल्या थायरॉक्सिनच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आयोडीनच असतो, आणि हाशिमोटो आयोडीन कमी पडून झालेला नाही त्यामुळे मीठ बदलून तो बराही होणार नाही नि पाकिटातलं प्रमाणात खाऊन पेटणारही नाही. काळजी तुमच्या जावेची आहे. चार महिन्यांची गरोदर, त्यात मासेमारी बंदी आणि मग श्रावण, म्हणजे नुस्तं पण कमी, आणि घरात मीठ बिनाआयोडीनचं. तिला आज पाकिटातलं मीठ सुरू करायला सांगा. आणि तिचं टीएसएच झालंय का तेही विचारा.

आणखी एक, केस गळतात म्हणून बायोटिनच्या (एक व्हिटॅमिन) गोळ्या घेत असाल तर टेस्टच्या आधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेवा. बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटंच कमी आणि टी-फोर खोटंच जास्त येतं, मग डॉक्टर डोस कमी करून बसतात. आमच्याकडे बायका येतात, बायोटिन म्हणजे औषध नाही असं समजून सांगतच नाहीत. आणि रक्त सकाळी, शक्यतो दरवेळी त्याच सुमारास, त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर.

डिचोलीकरीण

बापरे. बायोटिन घेतेय मी! पार्लरवालीनं सुचवलं होतं म्हणून. आणि जावेचं वाचून पोटात गोळाच आला, आजच बोलते तिच्याशी.

लॅबवाले भाऊ, धन्यवाद. पण मग कोबी, किल्ल, गहू यांचं काय? आणि वजनाचं? घरी मी काय ताटात घेते त्यावर आता सगळ्यांचं लक्ष असतं, काल फ्लॉवरचा एक तुरा घेतला तर सासूबाईंनी मुलाच्या ताटात वाढला.

मडगावची_डायटिशियन

सासूबाईंचं ऐकलेलं अगदीच हवेतलं नाहीये हं, अर्धं खरं आहे म्हणूनच ते इतकं टिकलंय. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल या घराण्यात काही द्रव्यं असतात ती थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाहीत. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात, आयोडीन आधीच कमी असायला हवं आणि तुम्ही ते ढिगानं आणि कच्चं खायला हवं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मेडिकल जर्नलमध्ये एका ८८ वर्षांच्या आजीची केस आली होती, ती महिनोन्‌महिने रोज किलो-दीड किलो कच्चा बॉक चॉय, म्हणजे चिनी कोबीचा प्रकार, खात होती आणि बेशुद्धावस्थेत आयसीयूत पोचली. दीड किलो कच्चा! आपण कोबीची भाजी करतो ती वाफेवर शिजवून, खोबरं घालून, वाटीभर. शिजवल्यावर ती द्रव्यं बनवणारं एन्झाइम बरंच निकामी होतं. तेव्हा भाजी खा. कच्च्या पाल्याचे ग्लासभर हिरवे ज्यूस रोज पिण्याचं जे फॅड आहे ते मात्र तुम्ही करू नका.

किल्ल वर्षातून काही आठवडे येतात, आणि आपल्या बायका ते पाण्यात भिजवून पाणी बदलून उकडूनच करतात, त्यानं त्यातली असली द्रव्यं बरीच निघून जातात. तसे केलेले किल्ल चारदोन वेळा खाल्ल्यानं काही होत नाही. बाजरीबद्दल पण विचारतील कोणीतरी, सुदानमध्ये जिथे लोक बाजरीवरच जगतात आणि आयोडीनही कमी तिथे गलगंड जास्त दिसला होता, पण आपण गोंयकार बाजरी खातो कधी? नाचण्याचं तिझण खुशाल घ्या, अंबील घ्या. सोयाचं वेगळं, त्यानं गोळी कमी शोषली जाते, म्हणून सोया चंक्स किंवा सोया दूध खायचं तर गोळीपासून लांब, आणि आज भरपूर उद्या काही नाही असं नको.

गव्हाचं सांगते. सीलियाक नावाचा आजार (गव्हातल्या ग्लूटेननं आतडं बिघडतं तो) असला तर गहू बंद करावाच लागतो, आणि ऑटोइम्यून थायरॉइडवाल्यांत सीलियाक थोडा जास्त सापडतो हे खरं. पोट सारखं बिघडत असेल, लोह काही केल्या वाढत नसेल, तर डॉक्टरांना सांगून त्याची रक्ततपासणी करा, पण ती गहू चालू असतानाच करायची असते, आधीच बंद केला तर टेस्टमध्ये काही दिसत नाही. सीलियाक नसेल तर पोई बंद करून थायरॉइड जातो याला आधार नाही. उलट पोईत कोंडा असतो, मैद्याच्या पावापेक्षा बरीच की. फक्त गोळीनंतर तासाभराने, कारण भरपूर फायबर लगेच पोटात गेलं तरी गोळी अंगात कमी जाते.

नुस्तं खा, नेहमीसारखं. बांगडे, तारले, तिसऱ्या, सुंगटं, यातून आयोडीन मिळतं, सेलेनियम मिळतं, प्रोटीन मिळतं. एवढ्यानं हाशिमोटो बिघडत नाही. श्रावणात सोडलंत तरी बिघडत नाही, थायरॉइडच्या ग्रंथीत आयोडीनचा बऱ्याच आठवड्यांचा साठा असतो, आणि घरात पाकिटातलं मीठ, दूध-दही असेल तर चवथीपर्यंत आरामात निघतं. उपासाचा त्रास आयोडीनमुळे नाही होत, साबुदाण्यामुळे होतो! श्रावणात आमच्याकडे येणाऱ्या बायकांचं वजन हटकून वाढलेलं असतं. खिचडी, वडे, वेफर्स, रताळ्याचे काप, आणि म्हणे आज उपास. दिवसभरात प्रोटीन शून्य. मूग, चवळी, अळसांदे, पनीर, ताक, काहीतरी असू दे ताटात.

आता वजन. कडू बोलते. हायपोथायरॉइडनं वजन वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी साचल्याचं असतं, चरबीचं नाही. डोस नीट बसला की तेवढं उतरतं. त्याच्या वरचं जे आहे ते गोळीनं उतरणार नाही आणि खोबरेल तेलाच्या चमच्यानं तर नाहीच, एक मोठा चमचा तेल म्हणजे शंभरावर कॅलरी, आपल्याकडे प्रत्येक कालवणात नारळ असतो तो पुरेसा नाही का? माझ्याकडे आलेल्या दहातल्या आठजणींचं खरं दुखणं संध्याकाळी असतं, ऑफिस सुटल्यावर बसस्टँडच्या गाड्यावरचा भाजीपाव नि मिरची भजी, मग घरी येऊन परत चहा, मग नऊ-साडेनऊला भात. पण थायरॉइडला दोष दिला की सगळ्यांना बरं वाटतं.

एक गोष्ट कोणीच बोललं नाही इथे. तुम्ही लिहिलंत पाळीत जास्त जातं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) केलंय का? थायरॉइडचं हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, लोह कमी असलं की केस पण गळतात आणि थकवा पण तोच, आणि हायपोथायरॉइडमध्ये पाळी जास्त जाऊन लोह आणखी घटतं, असं ते एकात एक अडकलेलं असतं. टीएसएच नीट आलं तरी बाई म्हणते मला बरं वाटत नाही, आणि फेरिटिन बघावं तर तळाला. तांबडी भाजी, कडधान्य, नुस्तं, त्यावर लिंबू पिळून, आणि जेवणावर लगेच चहा नको. लोहाची गोळी लागली तर काकूंनी सांगितलेले चार तास पाळा.

हणजुणेकर

माझा मोठा भाऊ बोटीवर आहे, येताना कुठल्या तरी पोर्टवरून केल्पच्या कॅप्सूल घेऊन आला, समुद्री शेवाळ, थायरॉइड सपोर्ट लिहिलेलं बाटलीवर, आईला थायरॉइड आहे म्हणून प्रेमानं आणल्या. आई महिनाभर घेत होती कोणाला न सांगता, पुढच्या टेस्टला टीएसएच दुप्पट. डॉक्टर म्हणाले असल्या गोष्टीत आयोडीन किती आहे याचा भरवसा नसतो, एका कॅप्सूलमध्ये शेकडो मायक्रोग्रॅम पण असू शकतं आणि हाशिमोटोवाल्याची ग्रंथी तेवढ्यानं उलट आणखी मंदावते. बंद केल्यावर आलं जाग्यावर. तर बाहेरून कोणी सपोर्टबिपोर्ट लिहिलेलं आणलं तर आधी विचारा. अश्वगंधाचं पण तेच, आयुर्वेदिक आहे म्हणून सगळ्यांना सरसकट देतात, पण ते थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकतं, वर गोळी चालू असली तर छातीत धडधड.

मिठागरवाला_पेडणे

लॅबवाले भाऊ, हिशोब पटला. मासा साठवतो, मीठ नाही, हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं.

पण मग माझा दुसरा प्रश्न. मिठात घालतात ते पोटॅशियम आयोडेट, ते काय आकाशातून पडत नाही, पाण्यात विरघळवून मिठावर फवारतात असं मी वाचलंय. मग आमच्या आगरातल्या मिठावर ते का नाही फवारू शकत? छोटं मशीन दिलं, शिकवलं, तपासायला किट दिलं, तर आमचं मीठ पण विकलं जाईल आणि तुमच्या बायकांना आयोडीन पण मिळेल. ते नाही करणार, गुजरातहून पाकिटं आणणार, आणि वर म्हणणार गोव्यातली मिठागरं बुडाली. पेडण्यात किती आगरं रिकामी पडलीत, नेरुलला, रायबंदरला काय उरलंय, जाऊन बघा एकदा.

आणि तोपर्यंत आमचं मीठ फेकू नका हो. खारातली तोरं (कोवळ्या कैऱ्या), मिठातले मासे, पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या साठवणीचं) जे काय असेल ते यातच घाला, तो खडा हळू विरघळतो, तोरं कडक राहतात.

लॅबमधला

हे मात्र शंभर टक्के बरोबर बोललात. तांत्रिकदृष्ट्या काही अडचण नाही, आयोडेट दमट हवेत टिकतं म्हणूनच आपल्या देशात आयोडाइड न वापरता ते वापरतात. अडचण ती करणार कोण ही आहे. तोरं, सुकं नुस्तं यासाठी तुमचं मीठ, रोजच्या आमटी-भाजीला आयोडीनवालं, असं केलं तर भांडणच नाही.

पाकीट फोडल्यावर मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आपल्याकडे पावसात मिठाला पाणी सुटतं आणि त्या पाण्याबरोबर आयोडीन पण तळाला जातं. आणि होईल तितकं शिजत आल्यावर घाला.

डिचोलीकरीण

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. जावेशी बोलले, तिनं आधी तोंड वाकडं केलं, मग लॅबवाल्या भाऊंचा हिशोब मोबाईलवर वाचायला दिला तर गप्प झाली आणि संध्याकाळी दीर पाकीट घेऊन आले. टीएसएच तिचं पहिल्या महिन्यात केलेलं आहे, नॉर्मल आहे, तरी परत दाखवते म्हणाली. गांवठी मीठ सासूबाईंनी बरणीत भरून ठेवलंय, तोरांना. सासूबाई कोबीवर अजून ऐकत नाहीयेत, त्या दीड किलोच्या आजीची गोष्ट सांगितली तर म्हणाल्या बघ, कोबी खाऊनच झालं ना तिला!

गोळीची बाटली माझी पण फ्रिजवर होती, आता कपाटात. फेरिटिन टीएसएचबरोबरच करून घेईन असं ठरवलंय. फक्त एक सांगा, टेस्ट सोमवारी करायची म्हटलं तर बायोटिन कधी थांबवायचं, आणि गोळी त्या दिवशी सोडायची का?

फोंड्याची_काकू

गुरुवारपासून बायोटिन बंद. गोळी सोडायची नाही ग, फक्त रक्त देऊन झाल्यावर घ्यायची, बाटली पर्समध्ये टाकून ने आणि लॅबच्या बाहेर पाण्याबरोबर घे. मग चहा तासाभराने, तोपर्यंत म्हापशाला पोचशीलच.